वाघजाईची सूट

वाघजाईच्या वळणावर बस आपोआप थांबायला लागल्या, तेव्हा पहिले एक-दोन दिवस सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग मात्र तिथे नारळवाल्यांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या.

व्हायचं असं. बस अर्धा घाट पार करून देवळासमोर यायची, तिचा वेग आपसूक कमी व्हायचा, पिवळे दिवे लुकलुकायला लागायचे आणि ती मुकाट कडेला जाऊन उभी राहायची. मागून दुसरी यायची, तीही तिच्या शेपटाला. चालक खाली उतरून डोकं खाजवत बसायचे, कारण त्यांना काहीच झालेलं नसायचं. प्रवासी चपला काढून थेट देवळात. देवीला काहीतरी हवंय, यावर कराडपासून चिपळूणपर्यंत एकमत झालं. एका पुढाऱ्याने तर जीर्णोद्धाराची घोषणासुद्धा करून टाकली.

देवीला काहीच नको होतं. बस थांबवत होती ती सासूबाई.

सासूबाई हे चालकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तिला 'हृद्रक्षक' म्हणत, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. सपाटीच्या रस्त्यांवरच्या बस तोवर बिनचालकाच्या झाल्या होत्या. घाटात मात्र अजून माणूस लागायचा. धुकं, सुटलेली दरड, रस्त्यात बसकण मारलेली गुरं आणि समोरून अंगावर येणारा डंपर, हे सगळं एकदम आलं की यंत्र गांगरायचं. म्हणून सह्याद्री प्रवासी महामंडळाने घाटात चालक ठेवले, पण अट घातली की चालकाच्या हृदयावर यंत्राची नजर राहील. स्टिअरिंगच्या कड्यात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या, एक डाव्या हातासाठी, एक उजव्या. सीटच्या पाठीत तिसरी, जरा मंद कानाची. चालकाने स्टिअरिंग धरलं की त्याच्या हृदयातली वीज पट्ट्यांमधून यंत्रात उतरायची आणि रेघ सुरू व्हायची.

हृदयात वीज असते यात नवल नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो; तो ठरावीक वेळाने इशारा सोडतो, इशारा वरून खाली पसरतो आणि पसरेल तसतसं हृदय आवळत जातं. रेघेवर त्याचं चित्र उमटतं ते असं: आधी एक छोटा उंचवटा, मग टोकदार सुळका, मग एक सुस्त टेकाड. हे तिघे ओळीने येत राहिले की माणूस ठीक. गडबडीच्या तऱ्हा मात्र बऱ्याच. कधी मध्येच एखादा आगाऊ ठोका घुसतो. बहुतेकदा त्याचं काही मनावर घ्यायचं नसतं. कधी वरचे कप्पे नुसतेच थरथरत राहतात, उंचवटा नाहीसा होतो आणि सुळके वाटेल तेव्हा येतात. त्यावर औषध आहे, पण हयगय केली तर रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते. कधी खालचे कप्पे वरच्यांना न जुमानता स्वतःच धावत सुटतात आणि सुळके रुंद, बेढब होतात; तिथे वाट बघायला वेळ नसतो. आणि कधी इशाराच येत नाही, रेघ सपाट. कुठली गडबड कुठल्या जातीची हे ओळखणं, एवढंच सासूबाईचं काम. पहिलीला ती सोडून द्यायची, दुसरीची खबर डॉक्टरांना द्यायची आणि तिसरी-चौथी दिसली की बस थांबवायची.

वाघजाईच्या वळणावर तिला झाडून सगळ्या चालकांची रेघ सपाट दिसत होती.

ज्या रेघांबद्दल शंका असे, त्या कराडच्या स्पंद-वाचन केंद्रात माणसांच्या डोळ्यांखालून जायच्या. तिथे वैजयंता साळुंखे वाचक होती. तिचा नवरा हणमंत त्याच घाटात बस चालवायचा. केंद्रात तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे डोंगरात लोहचुंबक आहे, कुणी वरून गेलेल्या विजेच्या तारांवर खापर फोडलं. एका घाटातल्या सगळ्या पुरुषांची हृदयं एकाच जागी थांबतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा चालू लागतात, यावर वैजयंताचा काही विश्वास बसेना. तिने घरी आल्यावर भाकरी वाढता वाढता नवऱ्यालाच विचारलं.

"वाघजाईला काय करता हो तुम्ही?"

"काय करणार? नमस्कार."

"कसा?"

हणमंतने ताटावरून दोन्ही हात उचलले, जोडले आणि पुढे वाकून कपाळाला लावले. बोटांना लागलेली आमटी कपाळाला लागली.

वैजयंता बघतच राहिली. "चालत्या गाडीत दोन्ही हात सोडता?"

"मग काय एका हातानं करू? ती काय रस्त्यात भेटलेली वळखीची बाई हाय?"

"अहो, घाट आहे तो!"

"म्हणून तर नमस्कार करायचा," हणमंत म्हणाला आणि पुन्हा भाकरीकडे वळला.

कोडं सुटलं. एक हात सुटला तर दुसरा हात आणि सीटची पाठ मिळून यंत्राचं भागायचं. देवळासमोर मात्र चालक दोन्ही हात सोडायचा, वर पुढे वाकायचा, म्हणजे पाठही सुटायची. पट्ट्यांमध्ये राहायची नुसती खरखर. रेघ स्वच्छ दिसावी म्हणून यंत्रात एक चाळणी होती, ती खरखर गाळून टाकायची, आणि मागे उरायची सपाट रेघ. यंत्र बनवणाऱ्यांनी जगभरच्या रोग्यांच्या रेघा त्याला शिकवल्या होत्या. दोन्ही हात सोडून गाडी चालवणारा भाविक त्यांच्या हिशेबातच नव्हता.

उपाय वैजयंतानेच सुचवला. हात सुटल्याची खरखर आणि हृदय खरंच थांबल्याची शांतता यांतला फरक यंत्राला शिकवायचा, तर खऱ्या थांबण्याचा स्टिअरिंगवरून घेतलेला नमुना हवा. तो कुणाकडेच नव्हता. घाटात आजवर कुणाचं हृदय थांबलंच नव्हतं. तेव्हा सोपं काय, तर देवळाच्या अलीकडे-पलीकडे रेघ पाच सेकंदांपर्यंत सपाट दिसली तर यंत्राने तिकडे काणाडोळा करावा. महामंडळाने मान्य केलं, बस थांबायच्या बंद झाल्या, नारळवाले आले तसे गेले. त्या कलमाला सगळे वाघजाईची सूट म्हणू लागले. बिनचालकाच्या गाड्या विकणारी कंपनी घाटाकडे डोळे लावून बसलीच होती; आणखी महिनाभर बस अशा थांबल्या असत्या तर चालकांना घरी बसवून घाटही तिच्याच घशात गेला असता. म्हणून डेपोत वैजयंताचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. "वहिनी, आमच्या ताटातली भाकर राखली तुम्ही," असं एक चालक माईकवरून म्हणाला तेव्हा हणमंतची छाती फुगली होती. आपल्यापेक्षा बायकोचं जास्त कौतुक झालेलं त्याला खपायचं नाही, पण त्या दिवशी खपलं.

त्यानंतर महामंडळाने परिपत्रक काढलं की देवळासमोर स्टिअरिंग सोडू नये. बाकीचे चालक परिपत्रक वाचून खिशात घालायचे आणि हात जोडायचे. हणमंतला घरचंही परिपत्रक होतं. तो आठवडाभर फुरंगटून बसला, मग त्याने स्वतःच तोड काढली: हात स्टिअरिंगवर घट्ट, मान डावीकडे देवीकडे वळवायची आणि हनुवटी छातीला लागेपर्यंत वाकवायची. त्याच सुमारास नवा बंद गळ्याचा गणवेश आला. इतर जण गळ्याचा हूक उघडा टाकायचे. हणमंतला गबाळेपणा सहन व्हायचा नाही; तो हूक लावूनच डेपोत पाऊल ठेवायचा.

वर्ष गेलं. सूट दिलेल्या रेघांतल्या काही अधूनमधून उघडून बघायच्या, असा केंद्राचा नियम होता. काम कंटाळवाणं. वैजयंताने चहाचा कप शेजारी ठेवला आणि एकेक रेघ चाळणीविना, मूळ रूपात उघडायला घेतली. खरखर. खरखर. पुन्हा खरखर. मग एक रेघ आली आणि तिचा हात थांबला.

या रेघेत खरखर नव्हती. हाताच्या स्नायूंची बारीक कुरकुर होती, म्हणजे हात स्टिअरिंगवरच होते. त्या कुरकुरीच्या खाली बाकी काहीच नव्हतं. सुळका नाही, छोटा उंचवटाही नाही. पाच सेकंदांच्या आत जेमतेम बसेल एवढा वेळ काहीच नाही, मग उशिरा आलेला एक दमलेला ठोका, मग दुसरा, आणि मग गाडी रुळावर.

रेघेवर चालकाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण त्याच रेघेत जरा आधी, देवळाच्या अलीकडे, एक आगाऊ ठोका होता. दोन नेमस्त ठोके आणि मागून घाईघाईने आलेला तिसरा. घाटाच्या तोंडाशी कडक चहा झाला की हा पाहुणा तासभर येत राहायचा, निरुपद्रवी होता. वैजयंताने तो घरी नाडी धरून किती वेळा पाहिला होता, त्यावरून नवऱ्याला चिडवलंही होतं. जिन्यावरची पावलं ओळखावीत तशी तिने ती रेघ ओळखली. नियमाप्रमाणे तिने तिथेच थांबायला हवं होतं. तिने त्या आकड्याच्या मागच्या सगळ्या रेघा उघडल्या. थांबणं रोजचं होतं, आणि दिवसेंदिवस लांबत चाललं होतं.

सूट संपते तिथून पुढे लगेच घाटातलं सगळ्यात वाईट वळण होतं. आणखी दोन-तीन सेकंद रेघ सपाट राहिली की माणसाची शुद्ध जाते. यंत्र तेव्हा जागं होईल, ब्रेक लावील, पण तोवर बस वळणात शिरलेली असेल.

दुसऱ्या दिवशी हणमंतची सुट्टी होती. सकाळची न्याहारी झाल्यावर तिने केंद्रातून आणलेला, छातीवरून रेघ घेणारा पट्टा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"गणवेश घाला."

"आज सुट्टी हाय माझी."

"घाला म्हणते ना. हूक लावून."

हणमंत कुरकुरत तयार झाला, खुर्चीत बसला. स्टिअरिंग म्हणून तिने त्याच्या हातात स्वयंपाकघरातली परात दिली. तेव्हा तो हसला. "शेजारपाजारचे बगतील तर म्हणतील, साळुंख्याला बायकोनं कामाला लावलं."

"आता देवळापाशी आलात. देवी डावीकडे. करा नमस्कार."

त्याने मान वळवली, वाकवली. समोरच्या पडद्यावरची रेघ एका ठोक्यानंतर सपाट झाली. वैजयंता मनात मोजत होती. पाचाच्या पुढे गेल्यावर तिचं मोजणं सुटलं. हणमंतचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. परात हातातून सुटली, फरशीवर आदळून गरगर फिरत राहिली आणि तो बसल्या जागी तिच्या अंगावर कलंडला. तिने गळ्याचा हूक ओढला, तो निघेना, मग तिने कापडच फाडलं. मान सरळ केली. रेघेवर एक सुळका उठला. मग दुसरा. वैजयंताला रडू फुटलं.

हणमंतने डोळे मिचकावले. इकडेतिकडे बघितलं.

"झाला नमस्कार," तो म्हणाला. "आन् परात का टाकलीस तू?"

तिने सांगितलं. त्याला पटेना. तिने रेघ दाखवली. त्याने ती बघितली आणि बाजूला सारली.

"मी हितंच हुतो. मला परातीचा आवाज आला की."

"आवाज शेवटचा आला. आधी काय झालं ते आठवतंय?"

"काय झालंच न्हाई तर आठवंल कसं?"

आता याला काय म्हणायचं? आणि यात त्याची लबाडी नव्हती. शुद्ध जाते तेव्हा ती गेल्याची आठवणही सोबत घेऊन जाते. माणसाच्या लेखी अलीकडचा क्षण आणि पलीकडचा क्षण एकमेकांना चिकटतात, मधली फट त्याला दिसतच नाही. हणमंत शपथेवर सांगत होता की काही झालं नाही, आणि शपथ त्याच्यापुरती खरी होती.

वैजयंताने डोळे पुसले आणि त्याला नीट समजावलं. मानेत दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दुभंगते. त्या ठिकाणी रक्ताचा दाब मोजणारी एक चौकी आहे. ती दाबली गेली की मेंदूला वाटतं दाब फार वाढला, आणि तो हृदयाला सबुरीचा हुकूम देतो. तरण्या माणसाला याने काही होत नाही. पन्नाशी उलटलेल्या काही पुरुषांची ही चौकी मात्र फाजील हळवी होते. घट्ट गळा, वळवलेली मान, एवढ्यानेही हृदय थांबतं. दाढी करताना अमक्याला चक्कर आली, तमका मान वळवून गाडी मागे घेताना पडला, असं ती सांगत राहिली. हणमंत फाटलेल्या गळ्याकडे बघत होता.

"मग हूक काढून टाकतो," तो म्हणाला. "देवीकडं बगत न्हाई. लांबूनच मनात हात जोडतो. मिटलं."

"आणि मागून कुणी हॉर्न दिला म्हणून मान वळली तर?"

"वैजू, आजवर माझ्या गाडीला एक वरखडा न्हाई."

"आजवर वेळेत परत आलात म्हणून."

तो उठला, खिडकीशी गेला. तिकडेच तोंड करून बोलू लागला.

"तू ही रेघ दिलीस तर मला तर काढतीलच. पर सूट बी जाईल. सूट गेली की बस रोज थांबंल, आन् मग ती बिनमाणसाची गाडी घाटात आलीच म्हणून समज. समद्या डेपोच्या पोटावर पाय. तुला शाल कुणी दिली, इसरलीस?"

"नाही विसरले."

"मागच्या खेपेला यंत्र खोटं आन् आमी खरं, हे तूच म्हणालीस. आता मी सांगतोय काय झालं न्हाई, तर यंत्र खरं आन् मी खोटा!"

याचं उत्तर वैजयंताकडे होतं, पण त्याला पटेल असं नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्या मागे पन्नास माणसं बसतात. त्यांना तुमच्या हुकाचं काय माहीत?"

"तू देणार हाईस म्हणजे."

"हो."

हणमंतने फाटका गणवेश काढला, नीट घडी घालून कपाटात ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

सोमवारी ती केंद्राच्या प्रमुख डॉक्टर शिकलगार मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. परातीची हकीकत ऐकून त्या खुर्चीतून उठल्याच.

"घरी? एकटीने? अगं, ही चाचणी मी शेजारी सगळी सामग्री मांडून करते, तरी माझा जीव टांगणीला लागलेला असतो. तो परत आला नसता तर काय केलं असतंस?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय, अक्कल गहाण ठेवली होतीस." त्या पुन्हा बसल्या, रेघा बघितल्या आणि जरा वेळाने त्यांचा आवाज उतरला. "त्यांची ड्युटी मी आत्ताच थांबवते. आता वाघजाईच्या सुटीचं काय?"

तिथेच खरी मेख होती. सूट सरसकट काढली तर हात जोडणाऱ्या प्रत्येक चालकाची बस पुन्हा थांबणार. ठेवली तर तिच्याआड आणखी कोण लपलंय हे कळणार नाही. तिसरा मार्ग एकच: यंत्राला खरखर आणि शांतता यांतला फरक शिकवायचा. वर्षापूर्वी त्यासाठी लागणारा नमुना नव्हता. आता होता. हणमंतच्या वर्षभराच्या रेघा म्हणजे तोच नमुना. पण यंत्राला नमुना द्यायचा तर त्यावर वाचकाने गडबडीची जात लिहून खाली आपलं नाव घालावं लागतं, आणि रेघ एकदा शिकवणीत गेली की ती घाटोघाटच्या डेपोंत दाखवली जाते.

"घरच्या माणसाची रेघ वाचायची नाही असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाला देते. त्याचं नाव लागेल. तू यात कुठे दिसणार नाहीस. घरी सांग, मशिनने पकडलं म्हणून."

वैजयंताने टेबलावरच्या रेघांकडे पाहिलं. मोह झाला नाही असं नाही. डेपोतली माणसं, शाल, घरातलं पुढचं आयुष्य, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"सूट माझ्या नावाने दिली होती मॅडम," ती शेवटी म्हणाली. "हेही माझ्याच नावाने जाऊ दे. नियम मोडला म्हणून काय ताकीद द्यायची ती द्या."

ताकीद मिळाली. रेघेखाली नावही लागलं.

यंत्र फरक शिकलं. सूट गेली आणि बसही थांबल्या नाहीत; हात सुटले की यंत्र नुसतं कुरकुरायचं आणि पुढे जायचं. मात्र नव्या शिकवणीनंतर वेगवेगळ्या घाटांत आणखी तीन चालकांच्या रेघेत तीच स्वच्छ शांतता सापडली, अजून बस थांबण्याइतकी लांबलेली नव्हती एवढंच. एक जण गाडी मागे घेताना मान वळवायचा तेव्हा, एक घाटात कानटोपीची गाठ आवळून बांधायचा म्हणून, तिसरा हणमंतसारखाच हूक लावून मान वाकवायचा म्हणून. तिघांनीही सांगितलं की आपल्याला काही होत नाही.

हणमंतच्या हृदयात औषधाच्या कॅप्सूलएवढा पेसमेकर बसवला. तारा नाहीत, छातीवर व्रण नाही. मांडीच्या शिरेतून आत सोडला आणि बसला जाऊन आपल्या जागी. हृदय वेळेवर बोललं नाही की तो त्याच्या वतीने बोलायचा. पण प्रवासी वाहन चालवायची परवानगी महामंडळाच्या नियमात नव्हती. हणमंतला डेपोत टायरच्या विभागात बसवलं. डेपोत म्हणायचे की साळुंख्याच्या बायकोने केसाने गळा कापला. वर्षापूर्वी माईकवर बोललेला चालक तिला बाजारात दिसला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

घरी हणमंत तिच्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो 'वाढ', 'बास', 'येतो' एवढंच बोलायचा. चहा झाल्यावर पूर्वी तो स्वतःच मनगट पुढे करायचा, "बग गं, आला का तुझा पाव्हणा?" म्हणून. आता कप ठेवून उठायचा. वैजयंताला ते फार लागायचं. आपण केलं ते बरोबर केलं याबद्दल तिला शंका नव्हती, आणि त्याने काडीचंही बरं वाटत नव्हतं.

हिवाळ्यात हणमंतच्या भाचीचं लग्न चिपळूणला निघालं. जाणं भाग होतं. दोघं सकाळच्या बसमध्ये बसले. चालक त्याच्या ओळखीचा नव्हता, नव्याने भरती झालेला, गळ्याचा हूक लावून बसलेला. घाटाच्या तोंडाशी बस चहासाठी थांबली, हणमंतने कडक चहा घेतला, पैसे दिले, एक कप तिच्या हातात दिला, बोलला काही नाही. मग घाट सुरू झाला. हणमंतचे पाय बसल्या जागी ब्रेक दाबत होते. प्रत्येक वळणावर त्याचे हात मांडीवर डावीउजवीकडे सरकायचे. वैजयंता दुसरीकडे बघत राहिली.

देऊळ आलं. खिडकी डाव्या बाजूची होती. हणमंतने मान वळवली, आणि देवीपुढे वर्षभर स्टिअरिंगवर अडकून राहिलेले दोन्ही हात उचलून जोडले. पार वाकून, कपाळाला लावून.

वैजयंताला राहवलं नाही. जोडलेल्या हातांच्या मनगटावर तिने तीन बोटं ठेवली. त्याने हात काढून घेतला नाही.

ठोका लागला. दुसरा लागला. मग बोटांखाली काहीच नाही. मग ठोका आला, आणि त्यामागून दुसरा, तिसरा, अगदी मापात, घड्याळ लावल्यासारखे. हे त्याचे नव्हते. हणमंतने डोकं वर केलं, मान सरळ केली, तसा तो मोजका ताल मोडला आणि त्याची स्वतःची नाडी परत आली. थोड्या वेळाने तिच्यामागून तो चहाचा आगाऊ पाहुणाही.

"काय मोजतीस?" हणमंतने विचारलं.

"काही नाही."

तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. "थांबलं हुतं का?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही हात जोडलेत तेव्हा."

बस त्या वाईट वळणात शिरली. खिडकीखाली दरी सरकत गेली, पार तळातल्या ओढ्यापर्यंत. बसमध्ये कुणाचं लेकरू रडत होतं, कुणी डबा उघडला होता, मागे दोन बायका मोठ्याने बोलत होत्या. हणमंतने एकदा त्या सगळ्यांकडे वळून पाहिलं. मग तो तिच्याकडे न बघता बोलला.

"मला कळलंच न्हाई गं."

वैजयंताने मनगट सोडलं नाही. वळण संपून रस्ता सरळ झाला, तसा हणमंत पुढे झुकला आणि डेपोतल्या जुन्या आवाजात ओरडला, "ओ ड्रायव्हर! गळ्याचा हूक काढा आदी!"